१६ लेव्हल राहू द्या, रोइंग मशीनच्या आत काय आहे ते आधी सांगा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत घरच्या घरी व्यायामाच्या मशीनवर पानभर लेख आला होता. त्यात रोइंग मशीनची, म्हणजे बसल्या जागी होडी वल्हवल्यासारखं ओढायच्या मशीनची, तारीफ केलीय ती योग्यच आहे, पाय, कंबर, पाठ, दंड सगळं एकदम कामाला लागतं आणि धावताना गुडघ्यांना जे दणके बसतात ते इथे बसत नाहीत. पण मशीन निवडायचं कसं यावर एवढंच लिहिलंय की जास्तीत जास्त रेझिस्टन्स (ओढीला होणारा विरोध) लेव्हल असलेलं घ्या आणि बजेट बघा. त्याच पानावर खाली जाहिरात, त्यातही १६ लेव्हल, बस्स. आत पिस्टन आहे, लोहचुंबक आहे, पंखा आहे का पाणी आहे, ते कुठेच नाही. मी पुणे-पिंपरी चिंचवड पट्ट्यात जिमच्या मशीनची सर्व्हिसिंग करतो, लॉकडाऊनपासून घरगुती मशीनचंच काम जास्त येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण पंख्याचा भाग तेवढा ठेवा.

लेव्हल या आकड्याला एकक नाही हो. किलो नाही, वॅट नाही, काहीच नाही. नॉबवर १ ते १६ छापलं की झाल्या १६ लेव्हल, उद्या कोणी त्याच नॉबवर १ ते ३२ छापलं तर तेच मशीन दुप्पट भारी झालं का? एका कंपनीची आठवी लेव्हल दुसरीच्या तिसरीएवढी पण निघते. आणि मुख्य म्हणजे रोइंग मशीनमध्ये किती जड यापेक्षा तुम्ही जोर वाढवला की मशीन उलट काय करतं हे महत्त्वाचं, आणि ते ठरतं आत कुठल्या प्रकारचा रेझिस्टन्स बसवलाय त्यावर. हे प्रकार मोजून चार. पाचवा म्हणून जो विकतात तो यातल्याच दोघांचं लग्न लावलेलं असतं, पंखा अधिक चुंबक.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पिस्टनवालं, हायड्रॉलिक. दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळतं, कॉटखाली सरकवता येतं, म्हणून लोक पटकन घेतात. दोन बाजूंना दोन दांडे, प्रत्येकाला एक सिलिंडर, सिलिंडरमध्ये तेल. तुम्ही दांडा ओढला की पिस्टन ते तेल बारीक भोकातून पलीकडे ढकलतो आणि तोच तुमचा रेझिस्टन्स. आता होतं काय की तेल असं सारखं घुसळलं की तापतं, आणि तापलेलं तेल पातळ होतं, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत जे घट्ट लागतं ते पंधराव्या मिनिटाला ढिलं पडतं. गिऱ्हाइकाला वाटतं आपला स्टॅमिना वाढला! सिलिंडरला हात लावून बघा म्हणजे कळेल, चांगलाच गरम लागतो. दुसरं असं की दोन सिलिंडर कधीच शंभर टक्के सारखे राहत नाहीत, एकाचं सील आधी जातं, तिथून तेल पाझरायला लागतं, मग उजवा हात हलका आणि डावा जड, आणि माणूस नकळत एका कुशीवर वाकून ओढत बसतो. माझ्याकडे अशी मशीन येतात तेव्हा पिस्टनच्या दांडीवर तेलात भिजलेली काळी धूळ चिकटलेली असते, ती दिसली की सील गेलं समजायचं. ते सिलिंडर उघडून दुरुस्त करण्यासारखे नसतात, बदलायचेच, आणि दोन वर्षांनी त्या मॉडेलचा सिलिंडर मिळेल याची कोणी गॅरंटी देत नाही. शिवाय यात फ्लायव्हील, म्हणजे ओढ थांबली तरी फिरत राहणारं जड चाक नाही, म्हणजे पाण्यात वल्हं मारल्यावर होडी पुढे घसरत जाते ना, तो भागच नाही, नुसती ढकलाढकल. खोलीत खरंच जागा नसेल आणि दहा मिनिटं हातपाय मोकळे करायचे असतील तर ठीक आहे, नाहीतर मी तरी घेऊ नका म्हणेन.

चुंबकवालं म्हणजे मॅग्नेटिक, सध्या घराघरांत जास्त खपतं ते हेच. यातली गंमत अशी की चुंबक चाकाला चिकटत पण नाही आणि घासत पण नाही. धातूचं चाक चुंबकाजवळून फिरलं की त्या धातूत भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह तयार होतात आणि ते चाकाला मागे ओढतात. आपल्या घरात पूर्वी जो विजेचा मीटर असायचा, काचेतून आडवी अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरताना दिसायची तो, त्यातही चकतीला असाच चुंबकाचा ब्रेक बसवलेला असायचा, म्हणून वीज बंद केली की चकती गरागरा फिरत न राहता थांबायची. मशीनमध्ये फक्त तो चुंबक पुढेमागे सरकवायची सोय असते. नॉब फिरवला की आतली केबल चुंबकाची पट्टी चाकाजवळ नेते, अंतर कमी म्हणजे ब्रेक जास्त. एवढंच. १६ लेव्हल म्हणजे त्या काही मिलिमीटरच्या फटीचे १६ तुकडे.

घासत काहीच नसल्यामुळे ब्रेक झिजत नाही आणि आवाज जवळजवळ नाही, जो काही येतो तो सीटच्या रोलरचा आणि पट्ट्याचा. पहाटे साडेपाचला बेडरूममध्ये नातू झोपलेला असताना आजोबा हॉलमध्ये निवांत करू शकतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ही छोटी गोष्ट नाहीये. कमी काय आहे ते पण सांगतो. यात ओढ वाढवली की विरोध वाढतो पण बेताने वाढतो, साधारण वेग दुप्पट तर विरोध दुप्पट, त्यामुळे अंगात दम असलेल्या माणसाला ते लवकरच फुसकं वाटायला लागतं आणि तो लेव्हल वाढवत वाढवत १६ ला येऊन बसतो, मग पुढे काय? आणि स्क्रीनवर जे मीटर आणि कॅलरी दिसतात ते स्वस्त मशीनमध्ये निव्वळ चाकाचे फेरे मोजून ठोकलेले असतात. लेव्हल २ वर अर्धा तास आणि लेव्हल १२ वर अर्धा तास, दोन्हीला तेवढ्याच फेऱ्यांना तेवढंच अंतर दाखवणारी मशीन मी स्वतः हाताळलीत. तेव्हा शेजारच्या काकांचे पाच किलोमीटर आणि तुमचे पाच किलोमीटर यांची तुलना करायला जाऊ नका, उगाच भांडणं होतील. घेताना फ्लायव्हीलचं वजन विचारा, चाक फार हलकं असेल तर प्रत्येक ओढीला हिसका बसतो. आणि जुनं घेत असाल तर लेव्हल १ वर ओढून बघा, मग सगळ्यात वरच्या लेव्हलवर ओढून बघा, फरक पडला नाही तर आतली केबल तुटलीय, फार कॉमन फॉल्ट आहे आणि दुरुस्ती पण स्वस्तातली आहे, त्या नावाखाली घासाघीस करून घ्या.

आता पंखा. एअर रोइंग मशीन म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात पाती असलेलं फ्लायव्हील, तुम्ही चेन ओढली की ते फिरतं आणि हवेला कापत जातं. हवेचा स्वभाव असा की वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. म्हणजे मशीन तुम्ही द्याल तेवढंच परत देतं, सत्तर वर्षांच्या आजी सावकाश ओढतील तर त्यांना हलकं, आणि त्याच मशीनवर काहीही न बदलता त्यांचा पैलवान नातू बसला तर त्याला घाम फोडेल. लेव्हल बदलायची गरजच नाही, लेव्हल म्हणजे तुम्ही स्वतः.

या प्रकारात जगभर मापदंड मानलं जातं ते अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या कॉन्सेप्ट टू कंपनीचं मशीन. ड्रायसिगॅकर नावाचे दोन भाऊ, दोघेही वल्हेकरी, होड्यांची वल्ही बनवायचे, त्यांनी १९८१ मध्ये सायकलचं चाक आणि चेन वापरून पहिलं मशीन काढलं, आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. त्याच्या पिंजऱ्याला बाजूला एक दांडी असते, १ ते १०. आता इथेच सगळा घोळ होतो! ती दांडी म्हणजे वजन नाही, रेझिस्टन्सची लेव्हल पण नाही, ती फक्त हवा आत यायची खिडकी आहे. १० वर ठेवली की जास्त हवा आत, चाक दोन स्ट्रोकच्या, म्हणजे ओढींच्या, मध्ये लवकर मंदावतं आणि पुढच्या ओढीला परत जड चाक उचलावं लागतं, जाडजूड संथ होडी ओढल्यासारखं. ३-४ वर ठेवली की चाक पळतं राहतं, शर्यतीच्या सडपातळ होडीसारखं. आपल्याकडे जिममध्ये कुठेही जा, दांडी १० वर. ट्रेनरच सांगतो दहावर ठेवा सर, पोट लवकर जातं. मग सर दहावर ठेवून पाठीने हिसके मारतात आणि आठ दिवसांनी कंबर धरून बसतात, मशीनला शिव्या घालतात. कंपनीचा स्वतःचा सल्ला बहुतेकांसाठी ३ ते ५ चा आहे, आणि मोठमोठे खेळाडूसुद्धा साधारण तिथेच ठेवतात.

त्याहून हुशार भाग म्हणजे त्याचा मॉनिटर. दोन ओढींच्या मधल्या वेळात चाक किती झपाट्याने मंदावतंय हे तो प्रत्येक स्ट्रोकला मोजतो आणि त्यावरून एक आकडा काढतो, ड्रॅग फॅक्टर म्हणतात त्याला, मॉनिटरच्या मेनूत बघता येतो. जाळीत धूळ साठली, हवा आत यायची कमी झाली, तर दांडी ५ वर असूनही हा आकडा खाली येतो, म्हणजे दांडी थाप मारेल पण ड्रॅग फॅक्टर मारत नाही. ११० ते १४० च्या दरम्यान ठेवला की बहुतेकांचं भागतं. आणि या मोजमापामुळेच पुण्यातल्या मशीनवरचे २००० मीटर आणि बोस्टनमधल्या मशीनवरचे २००० मीटर सारखे धरता येतात, इनडोअर रोइंगच्या जागतिक स्पर्धा होतात त्या याच्याच जोरावर. आकड्यात सांगायचं तर या मशीनवर ५०० मीटर अडीच मिनिटांच्या गतीने वल्हवायला साधारण १०४ वॅट लागतात, तेच दोन मिनिटांच्या गतीने करायचं म्हटलं तर २०३. वेळ फक्त एक पंचमांश कमी झाला आणि ताकद जवळजवळ दुप्पट. मी म्हटलं ना हवेचा स्वभाव, तो हा.

हे नुसतं अमेरिकेचं कौतुक नाही बरं का. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, दुष्काळी भागातला पोरगा, सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी वल्हवायची शर्यत) तेराव्या नंबरवर आला, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये चौघांच्या होडीत गोल्ड मिळवलं. सैन्याचं रोइंगचं केंद्र इथेच, आपल्या दापोडीच्या सीएमईत (कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंग) आहे. होडी पाण्यात असो वा नसो, वल्हेकऱ्यांचा दम जोखायला आणि निवडायला हेच पंख्यावालं मशीन वापरतात, वल्हेकरी त्याला अर्ग म्हणतात. सांगायचा मुद्दा, जे मशीन ऑलिम्पिकवाल्याला पुरतं तेच घरातल्या आजींनाही चालतं, कारण रेझिस्टन्स त्यांच्या हातात आहे.

मग सगळ्यांनी हेच का घेऊ नये? एक, किंमत, लाखाच्या वर जाते. दोन, आवाज. जोरात ओढलं की मोठ्या पेडेस्टल फॅनसारखा भर्रर्र आवाज येतो आणि ओढीबरोबर कमी-जास्त होत राहतो, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. मशीनखाली मॅट टाकून खालच्या मजल्यावर जाणारा कंप कमी होतो पण हवेचा आवाज खिडकीतून शेजारी जाणारच, आपल्या सोसायट्यांत दोन बिल्डिंगमध्ये अंतर किती ते तुम्हाला माहितीच आहे. तीन, लांबी, आठ फूट. दोन तुकड्यांत सुटतं आणि उभं करून ठेवता येतं, पण वापरताना तेवढी जागा लागतेच, वन बीएचकेमध्ये सोफा उचलायचा का हा प्रश्न येतो. चेनला साधारण दर ५० तास वापरानंतर तेलाचा हात फिरवायचा, बास, बाकी मेंटेनन्स फारसा नाही, लाईटचं कनेक्शन पण लागत नाही, मॉनिटर सेलवर चालतो. मुंबई-ठाण्याकडच्या दमट हवेत मात्र चेन कोरडी ठेवली तर गंजते, तिकडून आलेल्या सेकंडहँड मशीनमध्ये मी आधी चेन आणि सीट सरकते ती पट्टी बघतो.

राहिलं पाण्याचं. सिनेमा-सिरियलीत श्रीमंतांच्या घरात लाकडी मशीन दिसतं, पारदर्शक टाकीत पाणी डचमळतंय, ते. टाकीत पाती असतात, ओढली की पाणी ढवळतं. हे पंख्याच्याच घराण्यातलं, तुम्ही जोर वाढवाल तसा विरोध चढत जातो. आवाज येतो पण तो पाण्याचा, लोकांना आवडतो, मलाही आवडतो, दुसऱ्यांची झोपमोड पंख्याइतकी होत नाही. टाकीत पाणी कमी-जास्त करून होडी हलकी-जड केल्यासारखं होतं, पण रोज उठून कोण पाणी काढ-घाल करणार, एकदा भरलं की भरलं. दुकानदार सांगत नाहीत ती गोष्ट म्हणजे हे पाणी साठवलेलं आहे, त्यामुळे क्लोरीनची गोळी वेळच्या वेळी टाकावी लागते, नाही टाकली आणि मशीन गॅलरीजवळ उन्हात असेल तर टाकी हिरवी व्हायला लागते. बोअरचं पाणी भरलं तर आतून पांढरा थर चढतो, पाती दिसेनाशी होतात, आणि टाकी खोलून घासणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी त्याचे पैसे घेतो पण आनंदाने घेत नाही. फिल्टरचं पाणी भरा आणि मशीन उन्हापासून लांब ठेवा. टाकीत पंधरा-सतरा लिटर पाणी म्हणजे तेवढे किलो वाढले हेही लक्षात असू द्या, भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी मशीन हलवायचं असेल तर दोनदा विचार करा.

माझं मत विचाराल तर, फ्लॅट आहे, रोज वीस-तीस मिनिटं घाम काढायचाय, वजन आटोक्यात ठेवायचंय, तर चांगल्या जड फ्लायव्हीलचं मॅग्नेटिक घ्या, लेव्हल आठ असल्या तरी चालतात. आकडे बघून स्वतःशी स्पर्धा करायची खाज असेल, किंवा मुलगा-मुलगी कॉलेजात रोइंग करत असतील, तर पैसे साठवा पण पंख्यावालंच घ्या, हप्त्यावर दुसरं काहीतरी घेऊन वर्षाने विकू नका. पाणीवालं ज्याला परवडतं आणि जो गोळी टाकायला विसरत नाही त्याने घ्यावं.

आणखी दोन गोष्टी राहिल्या, जाहिरातीत कधीच नसतात. सीट ज्या पट्टीवरून सरकते तिची लांबी, कारण उंच माणसाचे पाय पूर्ण सरळ झाले नाहीत तर पायांचा जोर वाया जातो आणि या व्यायामात मुख्य काम पायांचंच आहे, हातांचं नंतर. आणि सीटची उंची. बरीच मशीन जमिनीपासून जेमतेम सव्वा फुटावर असतात, पन्नाशी-साठीतल्या माणसाला तिथून उठताना गुडघे बोलतात, लोक मशीन वापरणं सोडतात ते रेझिस्टन्समुळे नाही तर या उठण्यामुळे, हे मी घरोघरी बघितलंय. उंच पायांची मॉडेल मिळतात, विचारलं तर. मणक्याचा किंवा हर्नियाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, मग दुकान.

तेव्हा साहेब, विनंती एवढीच की पुरवणीत पुन्हा हा विषय घ्याल तेव्हा चारही प्रकार एकेका ओळीत तरी द्या, आणि तुमच्या जाहिरात विभागाला जमत असेल तर व्यायामाच्या मशीनवाल्यांना सांगा की लेव्हलच्या आकड्याशेजारी रेझिस्टन्सचा प्रकार, फ्लायव्हीलचं वजन, पट्टीची लांबी आणि किती किलोच्या माणसापर्यंत चालतं हे छापा. वाचकांना माझं सांगणं, दुकानात एक मिनिट ओढून हो म्हणू नका, सलग पंधरा मिनिटं बसू देतो का विचारा, जो नाही म्हणेल त्याच्याकडे बहुतेक पिस्टनवालंच असतं.

आपला,
जिम मशीन सर्व्हिसिंग करणारा एक वाचक,
चिंचवड